भाव, पाऊस, उशीर, दबाव : इंग्रजीतला 'अति' नामागणिक बदलतो

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका पदवीधर तरुणाचा आहे. घरी सोयाबीन आणि सोबत बँक भरतीचा अभ्यास. पीककर्जाच्या पुनर्गठनासाठी, म्हणजे फेडीची मुदत नव्याने बांधून घेण्यासाठी, बँकेच्या विभागीय कार्यालयाला त्यांना इंग्रजीत अर्ज द्यायचा आहे. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'टू मच' होते : 'टू मच रेन', 'टू मच लॉस', 'टू मच रेट', 'टू मच डिले'. ते बाळबोध वाटले म्हणून त्यांनी डिक्शनरीतून 'प्रमाणाबाहेर'चे प्रतिशब्द काढले आणि एकेका जागी एकेक बसवला. आता अर्जात 'एक्झॉर्बिटंट रेन', 'अनड्यू लॉस' आणि बियाण्याच्या भावासाठी 'इनऑर्डिनेट रेट' आहे. मोबाइलवरच्या व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपने एकही चूक दाखवली नाही, क्लासच्या सरांनी मात्र तिन्हींखाली लाल रेघ मारली. त्यांचे विचारणे असे की, सगळ्या शब्दांपुढे अर्थ जवळपास एकच दिलेला असताना कोणता कुठे हे ठरवायचे कशावरून?

तुमच्याकडे शब्द कमी पडलेले नाहीत. अडचण एवढीच आहे की तुम्ही शोध विशेषणापासून सुरू केला. तो नामापासून सुरू करायला हवा. आधी 'पाऊस' समोर ठेवायचा आणि इंग्रजीत पावसाबरोबर कोणते शब्द वावरतात हे पाहायचे. 'अति' समोर ठेवून त्याचे दहा पर्याय काढले तर दहातले सात चुकीच्या जागी जाऊन बसतात.

हे आपण मराठीत रोज करतो. भाव अवाच्या सवा असतात, नुकसान अतोनात होते, झाडांची तोड बेसुमार होते, आश्वासने वारेमाप दिली जातात, वीजबिल भरमसाट येते. 'अतोनात भाव' किंवा 'अवाच्या सवा नुकसान' असे मोंढ्यात कोणी बोलणार नाही. बोलले तर अर्थ कळेल, पण माणूस बाहेरचा आहे हे लगेच ध्यानात येईल. इंग्रजी वाचणाऱ्याला तुमच्या 'एक्झॉर्बिटंट रेन'बद्दल नेमके हेच वाटते. अ‍ॅपला ते दिसले नाही, कारण विशेषणानंतर नाम आले आहे आणि व्याकरणाची मागणी तेवढीच असते.

मग जोड्या नुसत्या पाठ करायच्या का? काही कराव्याच लागतात. पण बहुतेक ठिकाणी एका प्रश्नाने काम होते : कोणती हद्द ओलांडली गेली? मोजमापाची, रास्तपणाची, हक्काची, नेहमीच्या क्रमाची, गरजेची की खरेपणाची? यातले प्रत्येक विशेषण आपापल्या हद्दीशी बांधलेले आहे, आणि ती हद्द ज्या नामाला असते त्याच नामाशी ते जमते.

'एक्झॉर्बिटंट' पैशाचा शब्द आहे. त्याच्या पुढे येणारी नामे थोडी आणि ठरलेली आहेत : प्राइस, रेंट, फी, चार्जेस, बिल, कॉस्ट, इंटरेस्ट रेट, सम, आणि पैशाची मागणी असेल तर डिमांड. मूळ लॅटिन शब्दात 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली वाट, आपली चाकोरी. किमतीने रास्तपणाची चाकोरी सोडली, असा त्यातला भाव आहे. म्हणून तो नुसते 'जास्त' सांगत नाही, आक्षेप घेतो. 'हाय फी' म्हटले की माहिती दिली. 'एक्झॉर्बिटंट फी' म्हटले की एवढी फी घेणे योग्य नाही, असे तुम्ही म्हणालात. बोलताना 'स्टीप' चालतो ('द रेंट इज अ बिट स्टीप'). त्यात कुरकुर आहे, आरोप नाही. त्याच्या पलीकडे 'एक्स्टॉर्शनेट' आहे. त्यात खंडणीचा वास येतो. ब्रिटिश वर्तमानपत्रांत तो सर्रास दिसतो, पण पुरावा हाताशी नसेल तर आपल्याकडच्या अर्जात तो घालू नये.

स्पेलिंगकडे एक नजर टाका. 'एक्झॉर्बिटंट'मध्ये 'एच' नाही. 'एक्झॉस्ट'मध्ये तो आहे, त्याच्या सवयीने इथेही घुसतो.

'रेट'चीही गल्लत होते. मराठीत आपण भाव, दर आणि किंमत या तिन्हींना 'रेट' म्हणतो. इंग्रजीत 'रेट' म्हणजे एखाद्या एककामागचे प्रमाण : शेकडा व्याज, ताशी मजुरी, क्विंटलमागे भाव. बियाण्याच्या पिशवीला द्यावी लागते ती 'प्राइस'. आणि 'प्राइस' कधी 'एक्स्पेन्सिव्ह' नसते. वस्तू 'एक्स्पेन्सिव्ह' असते, तिची 'प्राइस' 'हाय' असते. 'एक्स्पेन्सिव्ह प्राइस' आणि 'कॉस्टली रेट' या दोन जोड्या भरती परीक्षेच्या निबंधांत वारंवार दिसतात. दोन्ही सोडून द्या.

आता पाऊस. मराठवाड्यातल्या माणसाला हा भाग पक्का असायलाच हवा, कारण इथे नुसती शैली पणाला लागत नाही, अर्जातल्या वस्तुस्थितीचा अर्थही बदलतो. पावसाला इंग्रजीत तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि तिन्ही तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

'हेवी रेनफॉल' एका दिवसाचा असतो. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो 'हेवी', ११५.६ ते २०४.४ पर्यंत 'व्हेरी हेवी' आणि त्याच्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. आपल्या महसूल खात्याच्या कागदांत महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला की 'अतिवृष्टी' लिहितात. त्यामुळे तलाठ्याच्या कागदावरच्या 'अतिवृष्टी'चे इंग्रजी 'हेवी रेनफॉल' होते. 'अति' दिसला म्हणून 'एक्सेसिव्ह' करायची गरज नाही.

'एक्सेस रेनफॉल' सरासरीशी तुलना करून ठरतो. महिन्याचा किंवा हंगामाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के जास्त असेल तर हवामान विभाग 'एक्सेस' लिहितो, ६० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 'लार्ज एक्सेस'. उणे १९ ते अधिक १९ टक्के हे 'नॉर्मल'. म्हणजे एखाद्या मंडळात एका रात्रीत 'हेवी रेनफॉल' होऊन शेत खरडून जाऊ शकते आणि त्याच जिल्ह्याचा महिन्याचा आकडा 'नॉर्मल' राहू शकतो. तुम्ही अर्जात 'एक्सेस रेनफॉल' लिहिले, अधिकाऱ्याने जिल्ह्याचा तक्ता काढला आणि त्यात 'नॉर्मल' दिसले, तर शंका तुमच्यावर येईल. तुमचे नुकसान एका रात्रीच्या पावसाने झाले असेल तर शब्द 'हेवी'च, आणि सोबत तारीख व मंडळाचे नाव.

'एक्सेसिव्ह रेन' ही तिसरी जोडी कोणत्याही तक्त्यातली नाही. पिकाला सोसवेल त्यापेक्षा जास्त पाऊस झाला, हे सांगताना ती चपखल बसते : 'एक्सेसिव्ह रेन ड्युरिंग पॉड फिलिंग डॅमेज्ड द सोयाबीन'. शेंगा भरण्याच्या काळात पावसाने सोयाबीन खराब झाले, असा तिचा अर्थ. शेतीविषयक लेखात, अहवालात ती शोभते.

पावसाच्या बरोबर येणारे 'लॉस' आणि 'डॅमेज' वेगळे ठेवा. पीक, बांध, विहीर, घर यांचे झाले ते 'डॅमेज', आणि त्याला 'सिव्हिअर' किंवा 'एक्स्टेन्सिव्ह' लागते. त्यातून तुमच्या खिशाला बसलेला फटका म्हणजे 'लॉस', आणि त्याला 'हेवी' लागते. 'हेवी लॉसेस' असे अनेकवचन जास्त ऐकू येते. 'डॅमेज' मात्र या अर्थाने एकवचनीच. 'डॅमेजेस' लिहिले की कोर्टातली नुकसानभरपाई होते.

'अनड्यू लॉस' का खटकतो हे आता सांगतो, कारण या सगळ्यात ज्याचा अर्थ सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो तो शब्द 'अनड्यू'च आहे. तो मापाचा शब्द नाहीच. 'ड्यू' म्हणजे देय, रास्त, हक्काने येणारे. 'अनड्यू' म्हणजे जे देय नव्हते ते. थोडे की जास्त हा प्रश्नच तिथे नाही. कायद्यात हे स्वच्छ दिसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि लाचेसाठी 'अनड्यू अ‍ॅडव्हान्टेज' हा शब्दप्रयोग आला. कायदेशीर मोबदल्याखेरीज मिळवलेला कोणताही लाभ, अशी त्याची व्याख्या आहे. पाचशे रुपये घेतले तरी ते 'अनड्यू अ‍ॅडव्हान्टेज' ठरते आणि पाच लाख घेतले तरी. 'एक्सेसिव्ह अ‍ॅडव्हान्टेज' म्हटले असते तर थोडी लाच चालते असा अर्थ निघाला असता. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६ मधला 'अनड्यू इन्फ्लुअन्स'ही तसाच आहे. दोघांच्या नात्यात एकाची बाजू अशी असते की तो दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकतो, आणि त्या जागेचा वापर करून तो गैरवाजवी फायदा उपटतो. प्रभाव किती टक्के होता, असे तिथे कोणी मोजत नाही.

म्हणून 'अनड्यू लॉस' वाचणाऱ्याला वाटते की काही तोटा तुमच्या वाट्याचा होताच, वरचा तेवढा नको होता. तुम्हाला तसे म्हणायचे नाही. 'अनड्यू'ची खरी सोबत या नामांशी आहे : प्रेशर, इन्फ्लुअन्स, अ‍ॅडव्हान्टेज, फेव्हर, हेस्ट, डिले, हार्डशिप, बर्डन, इम्पॉर्टन्स, अटेन्शन, रिस्क. मराठीत 'अवाजवी', 'नाहक', 'गैर' जिथे येतात त्या जागा आठवा : अवाजवी महत्त्व, नाहक त्रास, गैरफायदा. तिथे 'अनड्यू' बसतो.

त्याच्या आणखी दोन सवयी आहेत. पहिली, तो नामाच्या आधीच राहतो. 'अनड्यू प्रेशर' चालते, पण 'द प्रेशर वॉज अनड्यू' असे सहसा कोणी लिहीत नाही. 'एक्सेसिव्ह' आणि 'एक्झॉर्बिटंट' दोन्हीकडे चालतात : 'एक्झॉर्बिटंट फी' आणि 'द फी इज एक्झॉर्बिटंट'. दुसरी, त्याला नकाराची संगत आवडते. 'विदाउट अनड्यू डिले', 'अव्हॉइड अनड्यू हेस्ट', 'नॉट अनड्यूली वरीड' असे तुकडे तयार पडलेले असतात. ते जसेच्या तसे उचलावेत.

उशिराला, म्हणजे 'डिले'ला, तीन तऱ्हेची विशेषणे चालतात, आणि निवड परिस्थितीवर अवलंबून आहे. उशीर झाला, पण दोष कोणाला द्यायचा नाही : 'लाँग डिले' किंवा 'कन्सिडरेबल डिले'. कामाचा जो नेहमीचा कालावधी असतो त्याच्या कितीतरी पलीकडे गेला : 'इनऑर्डिनेट डिले'. ही जोडी भारतातल्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत घट्ट रुजलेली आहे, त्यामुळे अर्जात ती परकी वाटत नाही. उशिराला काही कारणच नव्हते, टाळता आला असता : 'अनड्यू डिले'. फरक बारीक आहे. 'इनऑर्डिनेट' कालावधीकडे बोट दाखवतो, 'अनड्यू' कारण मागतो. पंचनाम्याला दोन महिने लागले हे दाखवायचे तर 'इनऑर्डिनेट'. पंचनामा होऊन गेला, सह्या झाल्या आणि फाइल टेबलावर पडून राहिली, तर 'अनड्यू' अधिक बोचतो.

'इनऑर्डिनेट' वेळ, लांबी, संख्या यांच्याबरोबर चालतो : 'अ‍ॅन इनऑर्डिनेट अमाउंट ऑफ टाइम', 'अ‍ॅन इनऑर्डिनेट नंबर ऑफ फॉर्म्स'. गर्व आणि महत्त्वाकांक्षा यांनाही लागतो. पैशाच्या नामाला थेट लावू नका. तिथे क्रियाविशेषण करून घेता येते : 'इनऑर्डिनेटली एक्स्पेन्सिव्ह'. तुमचा 'इनऑर्डिनेट रेट' म्हणूनच पडला. आणि 'टू मच डिले' का खटकतो? इंग्रजीत 'डिले' सहसा एक प्रसंग म्हणून मोजला जातो, 'अ डिले', 'टू डिलेज' असा, आणि 'टू मच' न मोजता येणाऱ्या नामांना लागतो. तिथे एक रचना फार कामाची आहे : 'टू लाँग अ डिले'. तशीच 'टू हाय अ प्राइस', 'टू बिग अ रिस्क'. आधी 'टू', मग विशेषण, मग 'अ', मग नाम. ही रचना हातात आली की निम्म्या ठिकाणी भारी विशेषण शोधायची गरजच उरत नाही.

आता 'एक्सेसिव्ह', जो सगळ्यांत जास्त ठिकाणी चालतो. कोणताच शब्द सुचत नसेल तर हा घ्या, असे मी सांगेन, पण दोन अटींवर.

पहिली अट : तो क्रियेच्या नावाला आणि न मोजता येणाऱ्या गोष्टीला लागतो. 'एक्सेसिव्ह यूज', 'एक्सेसिव्ह ड्रिंकिंग', 'एक्सेसिव्ह स्पीड', 'एक्सेसिव्ह फोर्स', 'एक्सेसिव्ह नॉइज', 'एक्सेसिव्ह हीट', 'एक्सेसिव्ह स्प्रेइंग' सगळे ठीक. पण 'एक्सेसिव्ह स्टुडंट्स', 'एक्सेसिव्ह बुक्स', 'एक्सेसिव्ह बॅग्ज' नाही. मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर मध्ये एक पूल टाकावा लागतो : 'अ‍ॅन एक्सेसिव्ह नंबर ऑफ स्टुडंट्स', किंवा साधे सरळ 'टू मेनी स्टुडंट्स'. खाण्यापिण्याच्या पदार्थांनाही पूल बरा : 'एक्सेसिव्ह सॉल्ट इनटेक', 'एक्सेसिव्ह यूज ऑफ युरिया'. पैशालाही तो चालतो, आणि कायद्याला हाच जास्त पसंत आहे, कारण त्यात 'एक्झॉर्बिटंट'इतका राग नाही. जास्तीच्या व्याजावर उपाय म्हणून १९१८ साली आपल्याकडे जो यूझुरियस लोन्स अ‍ॅक्ट झाला त्यात व्याजासाठी 'एक्सेसिव्ह' हाच शब्द आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १७९१ च्या आठव्या दुरुस्तीतही 'एक्सेसिव्ह बेल' आणि 'एक्सेसिव्ह फाइन्स' यांना मनाई आहे. व्याजावर अर्ज लिहिताना तुम्ही 'एक्सेसिव्ह इंटरेस्ट' लिहिलेत तर सौम्य आणि बरोबर, 'एक्झॉर्बिटंट इंटरेस्ट' लिहिलेत तर तिखट आणि बरोबर.

दुसरी अट : 'एक्सेसिव्ह' आणि 'एक्सेस' एक समजू नका. 'एक्सेस' म्हणजे ठरलेल्या रेषेच्या वर उरलेला भाग, जो वेगळा काढता येतो. 'एक्सेसिव्ह' म्हणजे सगळ्या गोष्टीबद्दलचे तुमचे मत. एका शेतात दोन्ही पाहा. सरीत साचलेले पाणी चर काढून बाहेर सोडायचे आहे : 'ड्रेन द एक्सेस वॉटर'. त्या पिकाला गरज नसताना वारंवार पाणी दिले म्हणून मुळ्या कुजल्या : 'एक्सेसिव्ह इरिगेशन कॉज्ड रूट रॉट'. 'ड्रेन द एक्सेसिव्ह वॉटर' आणि 'एक्सेस इरिगेशन' अगदीच अक्षम्य नाहीत, शेतीच्या लिखाणात दुसरे कधी दिसतेही. पण पहिल्या दोन जोड्या स्वच्छ आहेत. रेल्वेत टीसी जादा पैसे घेऊन पावती देतो ते 'एक्सेस फेअर', विमानात मर्यादेपेक्षा जड सामान ते 'एक्सेस बॅगेज'. दोन्हीकडे आकड्याची रेषा आहे. प्रवाशाला भाडेच जास्त वाटत असेल तर ते 'एक्सेसिव्ह फेअर', आणि तशी तक्रार करता येते. 'एक्सेस फेअर'ची तक्रार करायला गेलात तर समोरचा म्हणेल, ते तर नियमानेच घेतले आहे.

'सरप्लस' 'एक्सेस'च्या घरातला, पण त्यात दोष नाही. गरज भागून उरले, एवढेच तो सांगतो, आणि उरलेले दुसरीकडे वापरता येते असे सुचवतो. पटसंख्या घटल्यावर समायोजन होणारे अतिरिक्त शिक्षक म्हणजे 'सरप्लस टीचर्स'. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात मर्यादेवरची जमीन 'सरप्लस लँड'. कारखान्यांच्या गाळप क्षमतेपेक्षा जास्त झालेला ऊस 'सरप्लस केन'. या तिन्ही ठिकाणी 'एक्सेसिव्ह' लिहिले तर शिक्षकांचा, जमिनीचा आणि उसाचा दोष काढल्यासारखे होते. 'सुपरफ्लुअस' शब्दांना, तपशिलाला, शेऱ्याला. जे काढले तरी काही बिघडत नाही ते. 'रिडंडंट'ही बहुधा तिथेच, फक्त ब्रिटनमध्ये नोकरीवरून कमी केलेल्या कामगारालाही तो लावतात.

खर्च, स्तुती आणि दावे यांचा गट छोटा आहे. लग्नाचा थाट 'लॅव्हिश', आणि त्यात कौतुकही असू शकते. तोच खर्च उधळपट्टी वाटला तर 'एक्स्ट्रॅव्हॅगंट'. स्तुतीला दोन्ही चालतात. आकडा फुगवून सांगितला तर 'एक्सॅजरेटेड क्लेम'. 'ओव्हरव्हेल्मिंग' मात्र या यादीत चुकून येतो. त्यात 'वाजवीपेक्षा जास्त' असे नाही, 'समोरच्याला झाकोळून टाकील इतके' असे आहे. म्हणून 'ओव्हरव्हेल्मिंग मेजॉरिटी', 'ओव्हरव्हेल्मिंग एव्हिडन्स', 'ओव्हरव्हेल्मिंग रिस्पॉन्स' हे चांगल्या अर्थाने येतात. 'एक्सेसिव्ह मेजॉरिटी' म्हणजे जनतेने मते जास्तच दिली अशी तक्रार होईल.

दवाखान्याचे इंग्रजी थोडक्यात, कारण रोज लागते. ताप 'हाय', सर्दी 'हेवी' किंवा 'बॅड', दुखणे 'सिव्हिअर', रक्तस्राव 'हेवी', 'प्रोफ्यूज' किंवा 'एक्सेसिव्ह', घाम 'प्रोफ्यूज' किंवा 'एक्सेसिव्ह', तहान 'एक्सेसिव्ह'. 'हेवी फीव्हर' नाही. मे महिन्यातले आपले ऊन 'स्ट्राँग सन', 'इंटेन्स हीट'. 'हेवी सन' नाही. आणि एक बारकावा : माणूस 'हेवी स्मोकर', 'हेवी ड्रिंकर', पण त्याची कृती 'एक्सेसिव्ह स्मोकिंग', 'एक्सेसिव्ह ड्रिंकिंग'. नाम बदलले की विशेषण बदलते, हे इथे एकाच माणसात दिसते.

'ओव्हर'बद्दल. आपण मराठीत 'ओव्हर झालं', 'ओव्हर करतोय' म्हणतो, त्यामुळे तो सुटा शब्द नामाला चिकटवायची सवय लागते : 'ओव्हर प्राइस', 'ओव्हर क्राउड', 'ओव्हर रेन'. इंग्रजीत तो बहुधा क्रियापदाला किंवा विशेषणाला जोडून येतो : 'ओव्हरप्राइस्ड सीड', 'ओव्हरक्राउडेड बस', 'ओव्हरलोडेड ट्रॅक्टर', 'ओव्हरराइप मँगो'. शेवटचा 'ड' किंवा 'एड' खाऊ नका. भूजलाचा 'बेसुमार उपसा' याच घरातला : 'ओव्हर-एक्स्ट्रॅक्शन'. ज्या तालुक्यात दरवर्षी उपलब्ध होणाऱ्या भूजलाच्या १०० टक्क्यांहून जास्त उपसा होतो त्याला केंद्रीय भूजल मंडळ 'ओव्हर-एक्स्प्लॉइटेड' म्हणते. ९० ते १०० टक्के 'क्रिटिकल', ७० ते ९० 'सेमी-क्रिटिकल'. बोअरवर लिहिताना हे शब्द तसेच ठेवा.

'टू'चीही एक सवय मोडायला हवी. 'टू ब्युटिफुल', 'टू टेस्टी' हे आपण 'लईच भारी' या अर्थाने म्हणतो. 'टू'मध्ये मात्र तक्रार असते. 'टू स्वीट' चहा पिववत नाही. कौतुक असेल तर 'व्हेरी' किंवा 'सो'. आणि विशेषण असेल तर 'मच' 'टू'च्या नंतर येत नाही, आधी येतो : 'टू मच हॉट' चूक, 'मच टू हॉट' किंवा 'फार टू हॉट' बरोबर.

अभ्यास कसा करावा? वहीत पान नामाचे करा. वर 'प्राइस' लिहा, खाली त्याच्या आधी येणारी विशेषणे, सौम्य वर आणि तिखट खाली : 'हाय', 'स्टीप', 'एक्सेसिव्ह', 'एक्झॉर्बिटंट', 'एक्स्टॉर्शनेट'. अशी पंधरा-वीस पाने पुरतात : प्राइस, फी, इंटरेस्ट, डिले, रेन, डॅमेज, लॉस, प्रेशर, यूज, वर्क, ट्रॅफिक, पेन, फीव्हर, एक्स्पेन्डिचर, क्लेम, प्रेज. प्रत्येक जोडीपुढे स्वतःच्या गावातले, घरातले एक पूर्ण वाक्य. शंका आली तर कोलोकेशन डिक्शनरीत (शब्दांच्या जोड्या देणाऱ्या कोशात) नाम काढून पाहा, तिथे विशेषणे नामाखालीच दिलेली असतात. फुकटात हवे असेल तर गूगलचे एनग्रॅम व्ह्यूअर आहे. त्यात इंग्रजीत विशेषण टाइप करायचे, एक जागा सोडून तारांकन टाकायचे. छापील पुस्तकांत त्या शब्दानंतर सर्वाधिक येणारे दहा शब्द तो दाखवतो. 'ऑफ', 'अँड' असे शब्द मध्ये आले तर तारांकनाला अंडरस्कोर जोडून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'नाउन' लिहा, म्हणजे फक्त नामे येतील. साध्या सर्चमधल्या 'इतके लाख निकाल' या आकड्यावर विसंबू नका. तो अंदाज असतो आणि त्यात चुकीचे इंग्रजीही मोजलेले असते.

आता तुमचा अर्ज. पहिले वाक्य असे करा : 'हेवी रेनफॉल इन अवर रेव्हेन्यू सर्कल कॉज्ड एक्स्टेन्सिव्ह डॅमेज टू द सोयाबीन क्रॉप, अँड वी हॅव सफर्ड हेवी लॉसेस.' मंडळाचे नाव, तारीख आणि मिलिमीटर यांचा आकडा त्यातच घाला. आकडा मिळाला की 'हेवी'च्या आधी 'व्हेरी' लावायचा मोह आवरा, ११५.६ च्या पुढे असेल तरच लावा. दुसरे : 'द पंचनामा वॉज कम्प्लीटेड आफ्टर अ‍ॅन इनऑर्डिनेट डिले.' इथेही नुकसानीची आणि पंचनाम्याची अशा दोन तारखा देता आल्या तर विशेषण काढून टाकले तरी चालेल, वाचणारा स्वतः वजाबाकी करतो. शेवटची विनंती : 'वी रिक्वेस्ट यू टू डिसाइड धिस अ‍ॅप्लिकेशन विदाउट अनड्यू डिले.' ती तशीच राहू द्या. त्यात सभ्यताही आहे आणि आग्रहही.

बियाण्याच्या भावाचे वाक्य या अर्जातून काढा. कर्जाचे पुनर्गठन करणाऱ्या बँकेला दुकानदाराशी देणेघेणे नाही, आणि मुद्दा नसलेली तक्रार अर्ज सैल करते. ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडच्या तक्रारीत वेगळे लिहा, आणि तिथे 'एक्झॉर्बिटंट प्राइस'वर थांबू नका : 'द डीलर चार्ज्ड अस मोअर दॅन द एमआरपी प्रिंटेड ऑन द बॅग', त्याखाली पिशवीवरची छापील किंमत, तुमच्याकडून घेतलेली रक्कम, लॉट नंबर आणि पावतीची प्रत. दुकानदाराने पावती दिली नसेल तर तेही एका वाक्यात लिहा : 'नो रिसीट वॉज इश्यूड.'